दुमडीतलं सूत

कापडाला भोक पडलं की लोक घाबरतात. रफूबाई घाबरत नसे. ती कोट उलटा करी, आतली दुमड अंगठ्यानं चाचपी, आणि जिथं कुणाची नजर जन्मात जाणार नाही अशा जागेतून सुईच्या टोकानं एकेक सूत उपसून काढी. त्याच कापडाचं सूत. मग ते भोकावर आधी उभं लावायचं, मग आडवं, एक वर एक खाली, एक वर एक खाली, श्वास धरून. काम संपलं की ती कोट खिडकीपाशी नेऊन उजेडात बघे. भोक कुठं होतं ते तिचं तिलाच सापडलं नाही, तर स्वतःशीच मान हलवी. तेवढीच शाबासकी.

"बाजारातला धागा किती का जुळवा, उन्हात गेला की चुगली करतो," ती म्हणे. "कापडाचं भोक कापडानंच भरायचं. कुठून तरी काढल्याशिवाय कुठं भरता येत नाही."

हे शेवटचं वाक्य तिनं आयुष्यभर खरं धरलं. कापडापुरतं ते खरंच होतं.

कपडे धुण्याच्या दुकानात तिची जागा मागच्या खोलीत होती. पुढं काउंटर आणि काउंटरवर मालक. मधे छताला लटकवलेली कपड्यांची फिरती साखळी. पारदर्शक पिशव्यांतले कोट तिच्यावरून एकामागून एक सरकायचे, बिनडोक्याच्या माणसांची रांग चालल्यासारखे. इस्त्रीची वाफ, धुलाईच्या औषधाचा नाकात बसणारा वास, आणि एका उंच खिडकीतून येणारा बेताचा उजेड. त्या उजेडात बसून ती काम करी आणि गुणगुणे. काही ओव्या तिच्या आईकडून आलेल्या, काही तिनं सुईच्या तालावर स्वतःच जुळवलेल्या.

फाटल्या कापडाला, सूत त्याच्याच काठाचं
लेकीच्या बोलण्याला, बळ आईच्या ओठाचं

लेक शाळा सुटली की दुकानात येऊन न धुतलेल्या कपड्यांच्या बोचक्यावर बसायची. तिच्या तोंडाला खंड म्हणून नसे. बापानं नावच पाडलं होतं, टिटवी.

"आई, बटणाला चार भोकं का? तीन का नाहीत?"

"तीन असती तर म्हणाली असतीस चार का नाहीत."

"आई, मालकांच्या नाकात किती केस आहेत गं?"

"हळू बोल मेले, ऐकतील ते."

"ऐकू देत. मोजून सांगतील."

घरात आणि या मागच्या खोलीत मायलेकींची ही भाषा. बाहेर पडलं की शाळेत इंग्रजी, काउंटरवर इंग्रजी, आणि रस्त्यावर तिसरीच कसली तरी बाजारी बोली. आपल्या भाषेतलं कुणी भेटायचं म्हणजे मालक, आणि मालकही ती भाषा वापरायचे ती आत, रागवायच्या वेळी.

एके दिवशी मालक बँकेत गेले होते आणि काउंटरवर एक बाई आल्या. हातात लांब लोकरी कोट, कोपरापाशी भोक. आवाज चढलेला. दुकानानं कोट खराब केला, असं त्यांचं म्हणणं, एवढं रफूबाईला त्यांच्या बोटावरूनच कळलं. तिनं भोक बघितलं. कसरीनं खाल्लेल्या भोकाची कड कुरतडलेली असते, ठिणगीनं पडलेल्या भोकाची कड कडक आणि काळी, औषधानं गेलेलं कापड बोट लावताच भुगा होतं. ही कसर होती. कोट दुकानात यायच्या आधीपासून आत बसलेली. सगळं सगळं तिला ठाऊक होतं. तिनं तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते फक्त, "नो... मॅडम... नो..."

तेवढ्यात मालक परत आले. त्यांनी आधी त्या बाईंसाठी काउंटरमागची खुर्ची पुढं सरकवली. मग मागं न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही आत जा. तुमचं काम आत."

त्याचं तिला काही वाटलं नसतं. असली बोलणी ती कोटावरच्या धुळीसारखी झटकून टाकायची. पण बोचक्यावर बसून लेकीनं ते बघितलं होतं. त्या दिवशी घरापर्यंतच्या रस्त्यात टिटवी एक अक्षर बोलली नाही. आणि ते मुकेपण रफूबाईच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाऊन लेकीच्या वर्गाच्या बाईंना भेटली. बाई चांगल्या होत्या, घाईत होत्या. लेकीच्याच तोंडून त्यांनी सांगितलं, मुलगी हुशार आहे पण घरात वेगळं, शाळेत वेगळं, त्यानं अडखळते. घरीही इंग्रजीच बोला ना.

घरी इंग्रजी बोलायला ते घरात कुणाला येत होतं? रफूबाईनं विचार केला, तो ज्या पद्धतीनं तिला येत होता त्याच पद्धतीनं. लेकीच्या बोलण्यात भोक आहे. भोक भरायचं तर सूत हवं. सूत कुठून तरी काढायला हवं.

त्या संध्याकाळी तिनं जेवताना नियम सांगितला. रोज लेकीनं शाळेतून एक नवा इंग्रजी शब्द आणायचा. तो शब्द घरात आला, की आपला त्या अर्थाचा शब्द रजेवर. तो पुन्हा तोंडातून काढायचा नाही. जो काढील, त्यानं त्या दिवशीची भांडी घासायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. हात काळे आणि जीभ मोकळी. "अगं, पोरीचं डोकं म्हणजे काय कोट आहे?"

"मग काय लिफ्ट आहे?"

"लिफ्ट म्हण ना. कितीही जण चढू देत."

"चढू देत? तुमच्याच लिफ्टमध्ये पाटी असते ना, इतक्याच माणसांची? जास्त चढले की दार लागत नाही, तुम्हीच सांगता."

त्यानं ताट पुढं ओढलं. नियम पास झाला.

पहिले दिवस मजेचे गेले. चमचा रजेवर गेला, खिडकी गेली, उशी गेली. "आता मी डोकं कशावर ठेवू?" बाप विचारायचा. "पिलो!" टिटवी ओरडायची. "पिलोवर मला झोप लागत नाही बुवा, ती टोचते." आणि तो मुद्दाम चुकायचा. रोज चुकायचा. भांडी घासायला उभा राहायचा आणि लेक शेजारी फडकं घेऊन पुसायला. नळ मोठा सोडून, पाण्याच्या आवाजाआड, तो तिच्याशी रजेवरच्या शब्दांत बोलायचा. उशी, खिडकी, चांदणं, लबाड, गुदगुल्या. दोघं खुसुखुसू हसायची. रफूबाईला सगळं ऐकू यायचं. पुष्कळ दिवस तिनं कानाआड केलं. मग एकदा शाळेतून चिठ्ठी आली की मुलगी अजून अडखळते, आणि त्या संध्याकाळी ती उठली, मोरीपाशी गेली आणि नळ बंद केला.

"अहो, तिला खाली ओढू नका."

बाप हातातल्या ताटाकडे बघत राहिला. त्यानंतर तो चुकेनासा झाला. आणि बोलेनासाही झाला म्हणा, कारण न चुकता बोलायचं तर त्याच्यापाशी शब्द फार उरले नव्हते.

सोपे शब्द एक दिवस संपले. तेव्हा शाळेतल्या बाईंनी सांगितलं, एवढे शब्द तर सगळ्यांनाच येतात, खरी किंमत वरच्या दर्जाच्या शब्दांना. मुलाखतीत, मोठ्या कॉलेजात, जिथं माणसाला बसायला खुर्ची देतात तिथं. रफूबाईनं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड पुस्तक आणलं, वरच्या दर्जाच्या इंग्रजी शब्दांचं, पाठ उसवलेलं. पुस्तकाची पाठ तिनं रात्रीत शिवून काढली. आता त्यातून रोज एक.

हे शब्द वेगळे होते. ते वस्तूंचे नव्हते, माणसाच्या आतले होते. लेक अर्थ सांगायची आणि आई आपल्या साठ्यातून त्याचा जोडीदार शोधून काढायची. त्यात ती पटाईत होती. नुसता पोत सांगितला तरी रंग काढून देणारी बाई.

"रिलक्टंट," टिटवी म्हणायची. "म्हणजे करायचं असतं, पण नको नको वाटतं."

"मन घेत नाही. हा गेला रजेवर."

"मेलंकली. म्हणजे सॅड, पण उगाच. छान सॅड."

"हुरहूर?"

"थोडं वेगळं, आई."

"खंत? उदासवाणं?"

"तिन्हीचं मिळून काहीतरी."

"मग तिन्ही पाठव," आई म्हणाली. एका शब्दापायी तिघं घराबाहेर पडले.

एका संध्याकाळी पोरगी 'नंब' घेऊन आली. "म्हणजे हात आहे, पण कळतच नाही की आहे." आईनं बधिर काढून दिला, आणि वर, त्याच दुमडीतलं सूत म्हणून, झिणझिण्याही दिल्या. बापानं स्वतःचा गाल चिमटून बघितला. "बधिर गेला म्हणता? मला तर काहीच जाणवलं नाही." टिटवी हसली नाही. तिला अर्थ लागायला जरा वेळ लागला होता.

येणारे शब्द रफूबाई ऐकायची, पण स्वतःसाठी ठेवून घ्यायची नाही. ते लेकीचे होते. लेकीच्या ताटातला घास उचलून खावा, तसं वाटायचं तिला. तिच्याकडून जायचं तेवढं जायचं, तिच्याकडे येत काहीच नव्हतं. दुकानात ती गुणगुणायची तेव्हा ओळीत मधेच जागा मोकळी यायची, तिथं ती नुसता हुंकार भरायची. एक ओवी होती:

रुसवा माझ्या लेकीचा, बसला दाराच्या आड
हुरहूर माझ्या जिवा, किती पुरवू तिचे लाड

रुसवा गेला होता, हुरहूर गेली होती, लाडही एका गोड इंग्रजी शब्दाच्या बदल्यात गेले होते. राहिलं होतं ते "हं हं माझ्या लेकीचा, बसला दाराच्या आड." दारसुद्धा खरं तर गेलेलं, पण तेवढं ती चोरून म्हणायची. भोकं बुजवायचा धंदा करणारी बाई, आणि तिच्याच गाण्याची चाळण झाली होती.

पण पुढची सगळी कामं झाली. मुलाखती झाल्या, कॉलेजं झाली, दुसऱ्या शहरातली नोकरी झाली. टिटवीचं अडखळणं असं गेलं की ती कधी अडखळत होती हे तिच्या जुन्या बाईंनाही आठवेना. मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या लोकांना ती आता वरच्या दर्जाची इंग्रजी शब्दसंपत्ती शिकवायची. तिच्या वर्गांना लोक रांगा लावत. आईशी मात्र ती बोलायची तीन-चार ठरलेल्या शब्दांत. बस. खा. बरी आहेस? जाते.

बाप गेला त्या वेळी ती आली होती. अंथरुणाला खिळलेला बाप तिचा हात धरून म्हणाला, "टिटवे, एक चुटपुट लागून राहिली बघ." तिनं त्याचा हात कुरवाळला आणि इंग्रजीत काहीतरी बोलली, लांब, मऊ, फार सुरेख. ऐकूनच कळत होतं की सुरेख आहे. बापानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बायकोकडे वळून किंचित हसला. "जिंकलीस गं तू," म्हणाला. कसली चुटपुट, ते तसंच राहिलं.

मग लेकीनं आईला आपल्याकडे नेलं. स्वच्छ घर, मोठ्या काचा, उजेडाला तोटा नाही. जुन्या मालकांच्या मुलानं काम पाठवणं चालू ठेवलं होतं. अवघड भोकं, जी मशीनवाल्यांना जमत नसत. रफूबाई खिडकीशी बसून ती भरायची. बोलायला कुणी नव्हतं, पण हात होते. दिवसभरात जे काही म्हणायचं असेल, ते त्या दोन हातांतून कापडाला सांगून टाकायची. तेवढ्यावर तिचं भागत होतं.

एकदा लेक तिला आपल्या वर्गाला घेऊन गेली. सभागृह भरलेलं. आई पहिल्या रांगेत. लेक व्यासपीठावर उभी राहून बोलायला लागली आणि बोलता बोलता तिनं आईकडे हात केला. सगळ्या माना वळल्या. मग तिनं हातानं काहीतरी उचलून खिडकीबाहेर फेकल्यासारखं केलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. लोक खो खो हसले. मग गप्प झाले. एका बाईनं डोळे टिपले. आणि मग टाळ्या, उभं राहून टाळ्या. रफूबाईही गोंधळून उभी राहिली.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय सांगितलंस गं त्यांना?"

"काही नाही आई. तू गुड. तू खूप गुड."

"आणि काय फेकत होतीस?"

लेकीनं जरा आठवून बघितलं. शब्द सापडला नाही. "घरी जाऊन सांगते," म्हणाली. सांगितलं नाही.

त्याच सुमाराला हाताचं सुरू झालं. उजवा हात. सकाळी उठल्यावर हात आपला नसल्यासारखा. मग कामाला बसलं की मनगटातून एक वीज निघायची आणि मधल्या बोटाच्या टोकाला जाऊन विझायची. तिनं आधी तेल चोळलं, मग फडकं बांधलं. सुई दोनदा हातातून गळली, तेव्हा लेकीला सांगितलं. लेकीनं काम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. तिचं आईवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये.

डॉक्टर वयस्क, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी लेकीला विचारलं, लेकीनं आईला.

"आई, पेन कसा आहे? सांग."

"नुसतं दुखत नाही गं ते. आधी झिणझिण्या येतात. मग इथून, मनगटातून, सणक निघते ती थेट या बोटापर्यंत. आणि मग टोकं बधिर. सुई धरलीय का सुटलीय तेच कळत नाही."

लेक आईच्या तोंडाकडे बघत होती. लक्ष देऊन, डोळे बारीक करून. रफूबाईला तो चेहरा ओळखीचा वाटला. असं आपण बघत होतो, काउंटरवर, त्या लोकरी कोटवाल्या बाईंकडे.

"बोटं दुखतात ना?"

"दुखतात, पण..."

"ओके."

आणि ती डॉक्टरांकडे वळून बोलली. थांबत नव्हती, शोधत नव्हती, एकेक शब्द जागेवर येऊन बसत होता. रफूबाईला इंग्रजी कळत नसलं तरी लांबी कळायची. जन्मभर डोळ्यानं सूत मापलेली बाई ती. आपण दिलं होतं एवढंसं, आणि हे इतकं लांब कुठून आलं? हे आपलं सूत नव्हे. हे बाजारातलं आहे.

डॉक्टरांनी मात्र चष्मा काढला. लेकीकडे नीट बघितलं, काहीतरी कौतुकानं विचारलं. लेक लाजून हसली. ती इतका वेळ उभीच होती. डॉक्टर अर्धवट उठले आणि त्यांनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी पुढं सरकवली.

ती खुर्ची रफूबाई बघत राहिली. हीच खुर्ची होती. याच खुर्चीसाठी केलं होतं सगळं. ती आज लेकीसाठी सरकली, आणि आपल्या सांगण्यातलं काही तिच्यावर बसून डॉक्टरांपर्यंत पोचलं नाही.

वयानं सांधे झिजले आहेत, असं ठरलं. मलम मिळालं, गोळ्या मिळाल्या. मलमाला छान वास होता.

तिनं आणखी दोनदा सांगून बघितलं. "अगं, सांधा नाही, बोटाची टोकं." लेक म्हणायची, "मलम लावलंस ना? वेळ लागतो आई." ती घाईत असायची, आणि आई जास्त बोलायला लागली की तिच्या कपाळावर एक आठी यायची. कळत नाही, हे कबूल करायची सवय तिला उरली नव्हती. दुनियेला शब्द शिकवणारीला ते कबूल करायचं तरी कसं? म्हणून आई थोडक्यात आवरायची. बरं आहे, म्हणायची. हा शब्द दोघींकडे होता.

मग एक फिकट रंगाचं जाकीट आलं दुकानातून. बाहीवर भोक, नाजूक काम. रफूबाईनं ते दिवसभर बसून भरलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत खिडकीपाशी धरलं. भोक दिसत नव्हतं. पण सगळ्या बाहीवर लाल ठिपके होते, सुईच्या वाटेनं ओळीत आलेले. तिनं बोट उलटं करून बघितलं. टोकाची चाळण झाली होती. कितीदा टोचलं होतं कुणास ठाऊक. तिला एकदाही कळलं नव्हतं.

जाकीट बघून लेक पांढरी पडली. या वेळी दुसऱ्या डॉक्टर, तरुण बाई. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. रफूबाईला खुणेनं डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बोळा बोटांवरून फिरवला. कधी फिरवला ते तिला समजलं नाही. मग मनगटावर बोटानं ठोकलं आणि सणक अशी निघाली की ती ओरडली. मग डॉक्टरबाईंनी तिचा तळवा उलटा करून लेकीला दाखवला. अंगठ्याखालचा उंचवटा आत बसला होता, रिकाम्या खिशासारखा.

त्या बराच वेळ बोलल्या. लेक एकदाही मधे बोलली नाही. गाडीत बसल्यावर तिनं आपल्याजवळच्या शब्दांची जुळवाजुळव केली.

"नस आहे, आई. दाबलीय. ऑपरेशन करतील. पेन जाईल."

"आणि बोटं?"

"फीलिंग... परत येईल, नाही येईल. नाही, बहुतेक. लेट झाला. डॉक्टर विचारत होती, आधी का नाही आलात."

"आलो होतो की," रफूबाई म्हणाली.

घरी आल्यावर लेक टेबलाशी बसली आणि एकदम रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, नाक ओढत. "तू नीट सांगायचं होतंस! मला नीट का नाही सांगितलं?"

"सांगितलं. झिणझिण्या म्हटलं. बधिर म्हटलं."

"हे वर्ड मला येत नाहीत, आई!"

"येत होते. पाय मुडपून बसायचीस आणि मग लंगडत यायचीस. आई, झिणझिण्या आल्या, काढ. मी चोळायची आणि तू हसायचीस."

लेकीनं डोळे पुसले. "मग? कुठं गेले?"

"मीच पाठवले. तू नंब आणलास त्या दिवशी."

काचेबाहेर उजेड भरपूर होता.

"तुला नंब माहीत होता?" लेक हळूच म्हणाली. "मग डॉक्टरला नंब का नाही म्हणालीस? एवढा एकच म्हणायचा होतास."

"तो तुझा होता," रफूबाई म्हणाली.

लेक उठली. तोंड धुऊन आली. तिच्या चेहऱ्यावर आता वर्गात असते ती हुशारी आली होती. तिनं फोन टेबलावर ठेवला, आवाज टिपायला लावला आणि आईच्या समोर बसली. "ओके. शिकव मला. सगळे. रोज एक. मी हेच काम करते ना? सांग. ते दुसरं काय होतं, मनगटातून येतं ते?"

"सणक."

"म्हणजे?"

आईला उगाच आशा वाटली. तिनं पदर खोचला, घसा साफ केला. "म्हणजे ठणक्यासारखी नाही. ठणका थांबून राहतो, ही..."

"ठणका म्हणजे?"

"कळ येते बघ, तशी, पण..."

"कळ?"

"कळ म्हणजे... आतून, खुपल्यासारखं..."

"खुपल्यासारखं म्हणजे?"

रफूबाई थांबली. एका शब्दाला दुसरा लावायला जावं तर तो गेलेला, दुसऱ्याला तिसरा लावावा तर तोही. भोकाला टेकायला भोकच. दुमडीत हात घातला तर दुमडही रिकामी. आपणच उपसली होती, सगळी, एकेक सूत मोजून. फोन टेबलावर सगळं टिपत होता.

मग तिनं डाव्या हातानं डबीतली सुई काढली. उजव्या हाताचं मधलं बोट लेकीसमोर धरलं आणि सुई टोकात टोचली. आरपार जाईल इतकी. लेक दचकली. बोट हललं नाही. लाल थेंब वर आला आणि गोल बसून राहिला.

"हे बधिर," रफूबाई म्हणाली.

मग तिनं लेकीचा हात ओढून घेतला. नखं कापायला धरायची तसं बोट धरलं. कोवळं, निरोगी, सगळं कळणारं बोट. लेकीनं हात मागं घेतला नाही, तिला शिकायचंच होतं. ती डोळे विस्फारून वाट बघत होती. आणि आईही वाट बघत होती, आतून, जीव मुठीत धरून. माणूस कितीही लांब गेला तरी टोचल्यावर तोंडातून जे निघतं ते शिकवलेलं नसतं, असं तिला वाटत होतं. आई गं. एवढंच निघालं तरी पुरे होतं. तो एक शब्द तिनं कधीच रजेवर पाठवला नव्हता.

तिनं सुई टोचली.

"आउच!" लेक म्हणाली.

रफूबाईनं अंगठ्यानं तिचं बोट दाबून धरलं, रक्त थांबेपर्यंत. मग ते बोट खिडकीच्या उजेडात नेऊन उलटसुलट करून बघितलं. भोक कुठं होतं ते तिचं तिलाच सापडलं नाही.

"आई, आता हा कुठला वर्ड होता?" लेक फोन जवळ सरकवत विचारत होती. "आई? हा कुठला?"

रफूबाईनं स्वतःशीच मान हलवली.